जर्मन विद्यापीठात एक वर्ष: कामांचा क्रम, श्रेयांकांची लेखी मान्यता आणि परतीची तयारी

पुणे, मुंबई किंवा गोव्यातल्या विद्यापीठातून विनिमय योजनेखाली दोन सत्रांसाठी जर्मनीला जाणारे विद्यार्थी अभ्यासात सहसा कमी पडत नाहीत. त्यांचे नुकसान होते ते कामांचा क्रम चुकल्यामुळे. घराचा पत्ता नसल्याने नोंदणी अडते, नोंदणीवाचून बँक आणि निवास परवाना रखडतो, आणि वर्ष उत्तम पार पडूनही मूळ विद्यापीठ श्रेयांक मान्य करत नाही, कारण मान्यता तोंडी घेतलेली असते. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांची प्रक्रिया काही बाबतींत वेगळी असल्याने हा लेख फक्त एका वर्षासाठी जाऊन परत येणाऱ्यांसाठी आहे.

टप्पा १: मूळ विद्यापीठाची लेखी मान्यता

निवड जाहीर होताच बहुतेक जण व्हिसाच्या मागे लागतात, पण पहिले काम आपल्याच विद्यापीठात असते. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय माफ होणार, याचा करार. त्यावर विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात. विभागप्रमुखांची सही मिळाली की काम झाले, असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण गुणपत्रिका विभाग तयार करत नाही, परीक्षा विभाग करतो. विभागप्रमुखांनी प्रामाणिकपणे दिलेला होकार वर्षभरानंतर परीक्षा विभागाच्या खिडकीवर टिकेलच असे नाही, आणि तोपर्यंत विभागप्रमुख बदललेलेही असू शकतात.

परीक्षा विभागाकडून पुढील प्रश्नांची उत्तरे पत्राच्या स्वरूपात घ्यावीत:

- किती ईसीटीएसच्या, म्हणजे युरोपीय श्रेयांकांच्या, बदल्यात आपले किती श्रेयांक मिळतील? युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचा भार ६० ईसीटीएस असतो आणि जर्मनीत एक ईसीटीएस म्हणजे सुमारे ३० तासांचे काम धरतात. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही एका श्रेयांकाला ३० तास धरले आहेत, पण वर्षाचा भार ४० श्रेयांकांचा आहे. त्यामुळे तासाला तास लावायचे की वर्षाला वर्ष, हे विद्यापीठाने ठरवल्याशिवाय ठरत नाही.
- अंतर्गत गुणांचे काय? जर्मनीत बहुतेक विषयांचा निकाल सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर किंवा निबंधावर लागतो. आपल्या गुणपत्रिकेत अंतर्गत गुणांचा वेगळा रकाना असेल, तर तो कसा भरणार, हे आधी कळायला हवे.
- एखाद्या विषयात नापास झाल्यास तो विषय इथे एटीकेटी म्हणून द्यायचा की पर्यायी विषय घ्यायचा?
- या वर्षातली उपस्थिती आणि टर्म ग्रँट कशी नोंदवली जाईल, आणि इथली फी भरायची आहे का? विनिमय करारात सहसा फी मूळ विद्यापीठात भरतात आणि यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, पण करारातून आलेल्या विनिमय विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे.

विषय निवडताना यजमान विभागाची मॉड्यूल पुस्तिका, म्हणजे विषयांचा तपशील देणारी पुस्तिका, वाचावी, आणि प्रत्येक विषयापुढे तो हिवाळी सत्रात शिकवला जातो की उन्हाळी, हे पाहावे. मागील वर्षाच्या यादीवरून विषय निवडणाऱ्यांना तिकडे पोहोचल्यावर निम्मी यादी बदलावी लागते. प्रत्येक विषयाला एक पर्यायी विषय पहिल्याच करारात लिहून ठेवला, तर नंतरचा पत्रव्यवहार पुष्कळ वाचतो.

वेळापत्रकाचा पेच वेगळा आहे. विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. तासिका मात्र साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. उपयोजित विज्ञानाच्या उच्चशाळांत दोन्ही सत्रे महिनाभर आधी सुरू होतात. आपल्याकडचे नवे वर्ष जून-जुलैत उघडते, म्हणजे तिकडच्या उन्हाळी परीक्षा संपण्याआधीच इथली हजेरी सुरू झालेली असते. उशिरा रुजू होण्याची परवानगी वर्ष सुरू होण्यापूर्वीच मागावी, परतल्यावर नव्हे.

*तपासणी:* सह्या झालेला करार, परीक्षा विभागाचे पत्र आणि उशिरा रुजू होण्याची परवानगी हे तिन्ही कागद पीडीएफ स्वरूपात हाती आल्यावरच पुढे जावे.

टप्पा २: घर

विनिमय विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठे वसतिगृहात खोल्या राखून ठेवतात, काही ठेवत नाहीत. यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला हा प्रश्न निवडीच्या पत्राला उत्तर देतानाच विचारावा. खोली राखीव नसेल, तर त्या शहराच्या श्टुडिरेंडेनवेर्ककडे, म्हणजे वसतिगृहे आणि मेस चालवणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थेकडे, त्याच आठवड्यात अर्ज करावा. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी लांब असते आणि व्हिसा मिळाल्यावर अर्ज करणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

खासगी खोली घेताना भाड्याच्या आकड्याइतकीच एक गोष्ट महत्त्वाची असते: घरमालक राहण्याचा दाखला सही करून देणार का? या दाखल्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात, आणि त्याच्याविना महापालिकेत पत्ता नोंदवता येत नाही. पर्यटकांसाठीच्या अल्पमुदतीच्या खोल्यांत आणि हॉस्टेलांत तो सहसा मिळत नाही. म्हणून “पहिला महिना कुठेही काढू, मग बघू” हा बेत स्वस्त दिसला, तरी पुढची सगळी कामे त्यापायी महिनाभर मागे जातात.

*सावधान:* “मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल” असा मजकूर आला की समोरचा ठग आहे असेच धरून चालावे. खोली कोणी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहिलेली नसताना आणि करार हाती नसताना एक युरोही पाठवू नये. तुमच्या आधीच्या तुकडीतली एखादी मुलगी किंवा मुलगा त्या शहरात असेल, तर खोली पाहून येण्याची विनंती करायला संकोचू नये.

टप्पा ३: पैसा आणि विमा

व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. शिष्यवृत्ती पुरेशी नसेल तर ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, उघडावे लागते, ज्यात सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, ठेवण्याची अट आहे. हा आकडा अधूनमधून वाढतो, म्हणून पैसे पाठवण्याच्या दिवशी तो पुन्हा पाहावा आणि बँकांचे शुल्क कापले जाईल हे धरून थोडी जास्त रक्कम पाठवावी. खात्यात पाच युरो कमी जमा झाले म्हणून पुष्टीपत्र अडल्याची उदाहरणे नेहमी ऐकू येतात.

भारतातून रक्कम पाठवताना बँक ए-२ अर्ज (परदेशी रक्कम पाठवण्याचा फॉर्म) आणि पॅन मागते. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या शैक्षणिक रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, कापला जातो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. ही कपात ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या पॅनवर जमा होते, म्हणून वडिलांच्या किंवा आईच्या खात्यातून पाठवल्यास परतावा त्यांच्याच विवरणपत्रात मागावा लागतो. कोणाच्या खात्यातून पाठवायचे, हे घरात बसून आधी ठरवावे.

ब्लॉक्ड अकाउंटवर पहिल्या महिन्याची भिस्त ठेवू नये. तिकडे पोहोचून खाते कार्यान्वित केल्यावर, आणि बहुधा जर्मन चालू खाते उघडल्यावरच, हप्ता सुरू होतो. अनामत, पहिले भाडे, सत्रशुल्क (शिक्षणशुल्काहून वेगळे, दर सत्राला भरायचे) आणि किराणा यांसाठी दोन महिने पुरेल एवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर आणि थोडी रोख नेणे आवश्यक आहे.

विम्यात दोन भाग असतात आणि अनेक जण त्यांतला एकच घेतात. प्रवेश नोंदवण्यासाठी जर्मन आरोग्य विमा लागतो. तिसाव्या वर्षापर्यंत सार्वजनिक विमा कंपन्यांकडे विद्यार्थी दर मिळतो, आणि तुम्ही विमाधारक असल्याची सूचना कंपनी थेट विद्यापीठाला पाठवते. पण हे संरक्षण सत्र किंवा प्रवेश सुरू झाल्यापासून लागू होते. सप्टेंबरच्या मध्यात पोहोचलात तर मधल्या दिवसांसाठी वेगळा प्रवास विमा लागतोच.

*सावधान:* स्वस्त खासगी विम्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेण्याचा अर्ज करू नये. ती सूट एकदा घेतली की त्या शिक्षणकाळात मागे घेता येत नाही.

टप्पा ४: व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. भेटीची वेळ लवकर मिळेलच असे नाही, म्हणून प्रवेशपत्र येताच ती घेण्याचा प्रयत्न सुरू करावा. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे आणि ते रुपयांत भरावे लागते.

१ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचे प्रमाणपत्र, सक्तीचे झाले, पण पदवीसाठी न जाणाऱ्या विनिमय विद्यार्थ्यांसाठीचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे पदवीसाठी गेलेल्या मित्राची यादी वापरू नये. दूतावासाच्या चालू यादीतला विनिमय विद्यार्थ्यांचा भाग वाचावा आणि सूट लागू असेल तर तो परिच्छेद छापून फाइलमध्ये लावावा.

नावाची बाब आपल्याकडे विशेष गुंतागुंतीची असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे आणि काही ठिकाणी आईचेही नाव. पासपोर्टवर मात्र नाव आणि वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. प्रवेश अर्ज, विमा, ब्लॉक्ड अकाउंट आणि व्हिसा अशा चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने नाव लिहावे. एका ठिकाणी वडिलांचे नाव गाळले की विमा कंपनीची सूचना विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही, आणि प्रवेश अडकतो.

नकार आल्यास फेरविचाराची जुनी सोय जुलै २०२५पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा न्यायालयात जाणे एवढेच मार्ग उरतात, आणि सत्राच्या तोंडावर दोन्ही मार्ग उपयोगाचे नसतात. फाइल पहिल्यांदाच पूर्ण असणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे झाले आहे.

*तपासणी:* व्हिसा हाती येताच त्यावरच्या तारखा वाचाव्यात. तो पूर्ण वर्षाचा असेल तर निवास परवान्याची घाई नसते. काही महिन्यांचाच असेल, तर टप्पा ६मधले परदेशी नागरिक कार्यालयाचे काम सर्वांत तातडीचे ठरते.

टप्पा ५: सामान

यावर फार लिहिण्यासारखे नाही. मूळ कागदपत्रे हातसामानात ठेवावीत, नेहमीची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत आणि थंडीचे जाड कोट तिकडेच घ्यावेत. खाण्याच्या पदार्थांबाबत मात्र आई-आजीला आधीच सांगून ठेवावे: युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाच्या सामानात दुग्धजन्य आणि मांसाहारी पदार्थांना बंदी आहे, म्हणजे तूप आणि पेढे विमानतळावर जप्त होऊ शकतात. ताजा कढीपत्ता आणि आंबेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. नारळ चालतो. मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांची अडचण येत नाही.

टप्पा ६: पहिले पंधरा दिवस, याच क्रमाने

१. खोलीचा ताबा घेताना भिंती, गादी आणि नळ यांचे फोटो काढावेत आणि ताब्याच्या नोंदपत्रावर प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा लिहून घ्यावा. जाताना अनामत परत मिळते ती याच कागदाच्या आधारावर.

२. टपालपेटीवर आणि घंटीवर आपले आडनाव त्याच दिवशी लावावे. हे काम क्षुल्लक वाटते म्हणून राहते, पण जर्मनीत बँकेचे कार्ड, पिन, कर क्रमांक आणि विम्याचे कार्ड टपालाने येते, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते पाकीट परत पाठवतो.

३. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा. यालाच आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट आणि घरमालकाचा दाखला लागतो. मोठ्या शहरांत भेटीची वेळ चटकन मिळत नसल्याने ती भारतातूनच ऑनलाइन घ्यावी.

४. नोंदणीचा कागद मिळाल्यावर चालू खाते उघडावे, मग ब्लॉक्ड अकाउंट कार्यान्वित करावे.

५. विद्यापीठातला प्रवेश आणि सत्रशुल्क पूर्ण करावे. बहुतेक ठिकाणी प्रवासाचा पास याच शुल्काशी जोडलेला असतो.

६. व्हिसा अल्पमुदतीचा असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज करावा. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असणे अत्यावश्यक आहे, आणि तो दाखल झाल्याचा पुरावा जपून ठेवावा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी सार्वजनिक प्रसारण शुल्काचे पत्र येते. ते जाहिरात समजून फेकू नये. २०२१पासून हे शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे. सामायिक सदनिकेत एकाने भरले की पुरते आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा असतो. टीव्ही नसला तरी ते द्यावे लागते.

*सावधान:* मोबाइलचा २४ महिन्यांचा करार करू नये. एका वर्षासाठी प्रीपेड सिमच योग्य.

टप्पा ७: अभ्यास आणि परीक्षेची नोंदणी

सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विषय बदलण्याची मुभा असते. जो विषय बदलेल त्याची सुधारित करारावर तिन्ही सह्या घेऊन नोंद करावी. ईमेलवर “ठीक आहे” असे उत्तर आले, तरी सुधारित कराराची प्रत मागून घ्यावी. मुळात मान्य न केलेल्या विषयाचे श्रेयांक परतल्यावर मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

वेळापत्रकात १० सी.टी. असे लिहिले असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. असेल तर बरोबर दहाला.

आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गफलत होते ती परीक्षेच्या नोंदणीत. विषयाच्या वर्गात नाव असणे आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणे ही तिकडे बहुतेक ठिकाणी दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे परीक्षा फॉर्मची सूचना फलकावर लागते, शिपाई वर्गात येऊन सांगतो, उशीर झाला तर विलंब शुल्क भरून फॉर्म घेतात. तिकडे ऑनलाइन नोंदणीची खिडकी सत्राच्या मध्यात काही दिवस उघडते आणि बंद होते. त्यानंतर परीक्षेला बसता येत नाही, आणि प्राध्यापकांना विनंती करूनही बहुधा उपयोग होत नाही, कारण तो अधिकार परीक्षा कार्यालयाचा असतो. पहिल्याच आठवड्यात नोंदणीची आणि माघार घेण्याची शेवटची तारीख अशा दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात, आणि नोंदणी झाल्यावर पोर्टलवरच्या पुष्टीची प्रत जपावी.

बऱ्याच व्याख्यानांना हजेरी सक्तीची नसल्यामुळे डिसेंबरपर्यंत सगळे आरामात चालले आहे असे वाटते. फेब्रुवारीत मात्र पाच विषयांची प्रत्येकी एकच, पूर्ण गुणांची परीक्षा येते. साप्ताहिक सरावसंच सोडवणे ऐच्छिक दिसले तरी ते सोडवावेत, कारण प्रश्नपत्रिका त्याच वळणाची असते. मानव्यशाखेत परीक्षेऐवजी दीर्घ निबंध मागतात, ज्याची मुदत तासिका संपल्यानंतर, बहुधा मार्चमध्ये, असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरायला जाण्याचे तिकीट काढण्यापूर्वी ही तारीख पाहावी.

गुणपद्धती उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० उत्तीर्णतेची सीमा आणि ५.० अनुत्तीर्ण. फेरपरीक्षा अनेकदा पुढच्या सत्रात होते. हिवाळी सत्रातला विषय राहिला तर तो उन्हाळ्यात देता येतो, पण उन्हाळी सत्रातला राहिला तर तुम्ही तिथे नसता. म्हणून अवघड आणि इथे अनिवार्य असलेले विषय शक्यतो हिवाळी सत्रात घ्यावेत, अशी माझी ठाम शिफारस आहे.

कामाबाबत थोडक्यात: १ मार्च २०२४पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. स्वतंत्र व्यवसायाला किंवा फ्रीलान्स कामाला वेगळी परवानगी लागते. पहिल्या सत्रात काम धरू नये, कारण एकाच वर्षात परक्या पद्धतीची परीक्षा आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्यांचे श्रेयांकच आधी कमी होतात.

टप्पा ८: निघण्याआधीचे दोन महिने

वसतिगृहाच्या कराराची शेवटची तारीख आणि सूचनेची मुदत मे महिन्यातच वाचावी. उन्हाळी परीक्षा कधी संपतात हे कळल्यावरच विमानाचे तिकीट काढावे. घर सोडताना ताब्याचे नोंदपत्र पुन्हा भरून घ्यावे.

पत्ता रद्द करण्याची नोंद घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत करता येते. ती करून तिचा कागद घ्यावाच, कारण विमा बंद करताना, प्रसारण शुल्क थांबवताना आणि ब्लॉक्ड अकाउंटमधली उरलेली रक्कम काढताना तो मागितला जातो. पत्ता रद्द केला म्हणून प्रसारण शुल्क आपोआप थांबेल असे गृहीत धरू नये. ते वेगळे कळवावे लागते. चालू खाते मात्र लगेच बंद करू नये. अनामत आणि वीजबिलाचा हिशेब काही महिन्यांनी तिथेच जमा होतो.

*तपासणी:* निघण्यापूर्वी यजमान विद्यापीठाच्या कार्यालयातून वास्तव्याचा सही-शिक्क्याचा दाखला घ्यावा. त्यावरची आगमन आणि प्रस्थानाची तारीख इथल्या टर्म ग्रँटसाठी लागते.

टप्पा ९: परतल्यावर

यजमान विद्यापीठाची गुणपत्रिका शेवटच्या परीक्षेनंतर बऱ्याच आठवड्यांनी येते, आणि इथली परीक्षा फॉर्मची तारीख त्याआधी निघून जाऊ शकते. म्हणून पोर्टलवर निकाल दिसताच त्याची प्रत काढून तात्पुरता अर्ज परीक्षा विभागात द्यावा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्यावी. अंतिम गुणपत्रिकेसोबत गुणपद्धतीचे स्पष्टीकरणपत्र जोडायला विसरू नये. ते नसेल तर १.३ हा आकडा पाहणाऱ्याला तुम्ही जेमतेम तरलात असे वाटू शकते. अर्जात टप्पा १मधल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहावी, कराराची मूळ आणि सुधारित प्रत जोडावी, आणि नवी गुणपत्रिका हाती आल्यावर प्रत्येक विषयाचे श्रेयांक करारातल्या यादीशी ताडून पाहावेत. दुरुस्तीचा अर्ज त्याच सत्रात केला तर तो विभागाच्या पातळीवर सुटतो. पदवी प्रमाणपत्र छापले गेल्यावर तेच काम विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जाते.